अजून उत्तर आलं नाही

आमच्या चर्चच्या मंडळीत मला ‘धीराच्या बाई’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, कौतुकानं म्हणतात, आणि मी मान खाली घालून ऐकून घेते. लोकांना वाटतं, केवढी ही नम्रता! नम्रता कसली डोंबलाची? वर बघायला तोंड नाही म्हणून खाली बघते. हे नाव मला कसं पडलं ते आज सरळ सांगून टाकते. ऐकल्यावर ज्याला जे म्हणायचं ते त्यानं म्हणावं.

आमचं घर कवळ्यांचं. माझे यजमान कवळ्या बनवतात आणि मी त्या घासते. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात. हे त्यात प्लास्टर ओतून साचा काढतात, मेणात एकेक दात बसवतात, मेणाच्या जागी गुलाबी हिरडी भरतात, आणि मग माल माझ्याकडे येतो. मशीनच्या फिरत्या कापडी चाकावर धरून मी ती कवळी अशी चकचकीत करते की ज्याच्या तोंडात जाणार त्यानं न हसता राहूच नये. लग्नापासून एकवीस वर्षं हे काम मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर केलं. पॉलिशची पांढरी भुकटी भांड्यांवर, केसांत, पाण्याच्या ग्लासात. पीठ कुठलं आणि पावडर कुठली हे चव घेतल्याशिवाय कळायचं नाही.

घर मात्र माझ्या नावावर. माझ्या वडिलांनी मला दिलेलं. पुढच्या खोलीत यांचं काम, मधल्या खोलीत सासूबाई, आणि मागच्या खोलीत धाकटे दीर, म्हणजे आमचे भावोजी. मागच्या खोलीला मोठी खिडकी. पॉलिशच्या कामाला उजेड लागतो, नाहीतर कवळीवरचा बारीक ओरखडा दिसत नाही. त्या खिडकीकडे बघत मी एकवीस वर्षं ओट्यावर दिव्याखाली डोळे फोडले.

भावोजी मालाची गाडी चालवायचे. स्वभावानं लाख माणूस, पण दारू सुटत नव्हती. एका दुपारी पिऊन गाडीवर बसले आणि सायकलवरून चाललेल्या एका माणसाला उडवलं. तो माणूस जागेवर गेला. त्याला बायको होती, शाळेत जाणारी दोन मुलं होती. भावोजींनी कोर्टात एक शब्द खोटा सांगितला नाही. मी पिऊन होतो, चूक माझीच, म्हणाले. तुरुंगात गेले. सासूबाई महिनाभर नीट जेवल्या नाहीत. आणि मी? वर्ष उलटायच्या आत मी त्यांची कॉट भिंतीला उभी केली आणि खिडकीखाली माझं मशीन मांडलं. तात्पुरतं, असं सगळ्यांना सांगितलं.

चार वर्षं गेली. एक दिवस चर्चचे पाळक घरी आले. दर महिन्याला ते तुरुंगात प्रार्थनेला जात, भावोजींना भेटत. खिशातून त्यांनी एक कागद काढला. भावोजींची वागणूक चांगली आहे, शिक्षा संपायला चौदा महिने आहेत, पण घरच्यांनी पत्ता दिला, जबाबदारी घेतली, तर त्यांना आत्ताच सोडतील. खाली घरमालकाची सही. म्हणजे माझी.

“विचार करून सांगा,” पाळक मला म्हणाले. “प्रार्थना करा. देवाची इच्छा काय आहे ते त्याला विचारा.”

कागद हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आता खरं सांगते. देवाची इच्छा कळत नाही, कळत नाही म्हणून रडणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. मला कळली होती. गुडघे टेकायचीही गरज पडली नाही, कागद वाचतानाच कळली. त्या माणसाला घरी आणायचं. एवढं स्वच्छ मला आयुष्यात दुसरं काही कळलेलं नाही. आणि नेमकं तेच मला नको होतं, कारण मला खिडकी सोडायची नव्हती. लोक काय म्हणतील, ते परत प्यायला लागले तर, ही सगळी नंतर शोधलेली कारणं. खरं कारण एक खिडकी. सांगतानासुद्धा कान गरम होतात.

तिसऱ्या दिवशी हे हात पुसत माझ्यासमोर बसले. हे मुळात मुखदुर्बळ. मेणाशी बोलतील, पण माणसाशी नाही.

“मी प्रार्थना केली,” म्हणाले. “मला वाटतं, त्याला आणावं.”

“तुम्हाला उत्तर मिळालं असेल,” मी म्हटलं. “सही माझी लागते. मला अजून उत्तर आलं नाही.”

बास. एवढंच वाक्य. हे उठून परत कामाला लागले. काय बोलणार? बायको देवाच्या उत्तराची वाट बघतेय म्हटल्यावर तिला घाई कर म्हणायची कोणाची टाप आहे? ‘नाही’ म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. नवरा बोलला असता, सासू रडली असती, पाळकांनी चार गोष्टी सुनावल्या असत्या, आणि कदाचित मी वळलेही असते. पण मी ‘नाही’ म्हटलंच नाही. मी देवाला पुढे केलं आणि त्याच्या पाठीमागे लपले. देवाची इच्छा ढळढळीत समोर असताना ती कळायची वाट बघतेय असं सांगण्यासारखी पळवाट नाही. आणि ही पळवाट बाहेरच्या माणसाला सापडायची नाही हो. ती आम्हा उपासनेला नेमानं जाणाऱ्यांनाच सापडते.

पुढच्या महिन्यात पाळकांनी विचारलं. अजून उत्तर आलं नाही, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मला वाटतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “घाई नको,” म्हणाले. “किती जण आपल्या मनाचं करतात आणि वर देवाचं नाव घालतात. तुम्ही थांबलात.” धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण धरणी काही घेत नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

त्याच्या पुढच्या बुधवारी बायकांच्या प्रार्थनासभेत त्यांनी माझं उदाहरण दिलं. नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं. तिथून ‘धीराच्या बाई’ सुरू झालं. शेजारच्या नर्सबाई तर माझ्या भक्तच झाल्या. त्यांची सून वेगळं घर करू का म्हणून विचारत होती. नर्सबाई तिला सांगून मोकळ्या, “मलाही अजून उत्तर आलं नाही!” आणि माझ्याकडे बघून अशा हसल्या की जणू आम्ही दोघी एकाच वर्गातल्या. मीही हसले. काय करणार? हसताना माझं मलाच किळसवाणं वाटलं.

रविवारी सगळे मिळून मोठ्यानं प्रार्थना म्हणतो, त्यात देवाच्या इच्छेची ओळ येते. तिथं मला नेमका खोकला यायचा. पहिल्यांदा खरा आला असेल, मग मी आणायला लागले. माझ्या पुढच्या बाकावरची बाई मला गोळी द्यायला लागली, खोकल्याची. चोखली बापडीनं दिलेली गोळी. दुसरं काय करता?

सासूबाईंनी मला फारसं विचारलं नाही. बोलायला खमक्या होत्या, पण घर सुनेच्या नावावर हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्या जाणिवेनं त्यांची जीभ माझ्यापुरती आखडलेली असायची. मुलानं केलेली कवळी त्या जेवताना काढून ठेवायच्या आणि कोणी भेटायला आलं की घालायच्या. “जेवायला हिरड्या पुरतात, मान राखायला दात लागतात,” म्हणायच्या. तर एका सकाळी मी त्यांचे केस विंचरत होते. त्या म्हणाल्या, “अगं, उत्तर आलं का?”

“नाही, आई.”

“येईल हो,” म्हणाल्या. “देवाला काय दुसरी कामं नाहीत?”

मी फणी तशीच फिरवत राहिले. एकाच बटेवर पुन्हा पुन्हा फिरत होती, ते त्यांना डोक्याला कळलं असेल. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

कागद आल्यावर आठव्या महिन्यात त्यांच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात नेलं, पाच दिवस ऑक्सिजन लावला. सहाव्या दिवशी दुपारी, आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलेलो असताना, त्या गेल्या. शेवटच्या दोन दिवसांत त्या धाकट्याचं नाव घेत होत्या आणि हे त्यांचा हात धरून सांगत होते, “येतोय आई, येतोय.” भावोजींना मातीला येण्याची परवानगी दुसऱ्या दिवशी मिळाली. तोवर माती झालेली होती. मी सही केली असती, तर तो माणूस सात महिने आईच्या उशाशी असता. तिच्या शवपेटीला खांदा दिला असता. हे गणित करायला मला कागद लागत नाही, ते माझ्या डोक्यात आपोआप चालतं. भाजी निवडताना चालतं, रस्ता ओलांडताना चालतं.

तुम्ही म्हणाल, मग तेव्हा तरी सही केलीस की नाही? नाही केली. आईंना पुरल्यावर लगेच सही केली असती तर लोक म्हणाले असते, आजच कसं बरं उत्तर आलं? खोटं एकदा बोललं की त्याची चाकरी करावी लागते. मी आणखी सहा महिने केली. यांनीही मला एकदासुद्धा बोल लावला नाही. उलट एकदा म्हणाले, “त्याची इच्छा नव्हती म्हणायची.” त्याची, म्हणजे देवाची. मी माझं पाप देवाच्या माथी मारलं होतं आणि माझ्या नवऱ्यानं ते खरं मानून देवाशी समझोता केला होता. ते शांतपणे मेणात दात बसवत होते. मला ओरडावंसं वाटलं, पण मी मशीन चालू केलं.

भावोजी सुटले त्या दिवशी तडक घरी आले. सकाळचे अकरा वाजले होते. हे तयार कवळ्या द्यायला डॉक्टरकडे गेले होते. दार उघडलं तर समोर भावोजी, हातात कापडी पिशवी, केस कानाशी पांढरे झालेले.

“येऊ का, वहिनी?” म्हणाले. स्वतःच्या घरी आलेला माणूस ‘येऊ का’ विचारतो!

मी पाणी दिलं. चहा टाकला. ते मधल्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आईंच्या रिकाम्या कॉटकडे बघितलं आणि परत येऊन खुर्चीच्या टोकावर बसले. मग पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला. आईंची पत्रं. आई स्वतः लिहायच्या, पाकिटावर पत्ता मी घालायचे आणि पेटीत टाकायलाही मीच जायचे. आत काय असतं ते मी कधी बघितलं नव्हतं.

“आधी तुमचे आभार मानायचे होते,” म्हणाले. “म्हणून दुसरीकडे कुठे गेलो नाही. हे वाचा.”

आईंचं अक्षर, मुंग्यांच्या रांगेसारखं वाकडं. ‘तुझी वहिनी रोज सकाळी सहा वाजता तुझ्यासाठी प्रार्थनेला बसते. कागदावर सही करण्याआधी देवाला विचारते आहे. तिच्यावर रागावू नकोस. तूही सहालाच बस. दोघांची एकदम पोचेल.’

“मी बसायचो,” भावोजी म्हणाले. “एक दिवस चुकवला नाही. बाकीचे हसायचे. मी म्हणायचो, हसा लेको, माझी वहिनी बसलीय तिकडे. आई गेली त्या आठवड्यात... जाऊ दे. वाईट विचार यायचे. वाटायचं, सहा वाजेपर्यंत थांबू, वहिनी एकटी बसेल. असे ते दिवस काढले.”

चहा उतू गेला. मी गॅस बंद करायला उठले नाही, तेच उठले, बंद करून आले.

“भावोजी,” मी म्हटलं, “मी एक दिवससुद्धा बसले नाही.”

ते हसले. “पाळक म्हणालेच होते, वहिनी स्वतःबद्दल बोलू देत नाहीत.”

“अहो, ऐका माझं!” मी ओरडलेच. इतकी वर्षं कवळ्यांच्या धुळीत बसून माझा आवाज तसाही घोगरा झालाय, तो फाटला. “मी प्रार्थना केली नाही. उत्तराची वाट बघितली नाही. कागद हातात आला त्याच क्षणी मला कळलं होतं, तुम्हाला आणायचं. मला आणायचं नव्हतं. इकडे या.” मी त्यांना दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं. खिडकीखाली माझं मशीन, बाजूला डबे, पांढरी भुकटी. त्यांची कॉट भिंतीला उभी, तिच्यावर माझे ॲप्रन वाळत घातलेले. “हे बघा. यासाठी. या उजेडासाठी. तुमची आई तिकडे मधल्या खोलीत तुमची वाट बघत झिजली आणि मी या खुर्चीवर बसून दुसऱ्यांचे दात घासत होते.”

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. चेहऱ्यावर राग नव्हता, निदान मला दिसला नाही. एखादा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतोय, असं काहीतरी होतं.

“मग सहाला तिथं कोणीच नव्हतं?” त्यांनी विचारलं. “मी एकटाच होतो?”

तेव्हा मला आठवलं. देवाशपथ, तोपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

“आई होत्या,” मी म्हटलं. “रोज पहाटे मला हाक मारायच्या. उठवून बसव, पाठीला उशी लाव, आणि जा, म्हणायच्या. मला वाटायचं, आडवं पडून पाठ दुखते. मी उशी लावून परत जाऊन झोपायचे.”

“आई होती,” ते म्हणाले. “मग तिनं तुमचं नाव का लिहिलं?”

आईंना सगळं कळलं होतं. त्या फणीखाली बसून त्यांनी मला आरपार ओळखलं होतं. मुलाला लिहू शकल्या असत्या, तुझी वहिनी ढोंगी आहे, तुला मुद्दाम अडकवून ठेवते आहे. एकही शब्द खोटा ठरला नसता. पाकिटावर पत्ता तर मीच घातला असता.

“तुम्ही सुटलात की या घरी यावं म्हणून,” मी म्हटलं. “माझा राग धरून कायमचं लांब जाऊ नये म्हणून. दोघं भाऊ तुटू नयेत म्हणून.” आणि मग मला रडू आवरेना. त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता हे कळत होतं, तरी आवरेना.

ते तसेच उभे राहिले. खिडकीबाहेर बघत.

“राहा इथं,” मी डोळे पुसून म्हटलं. “ही खोली आत्ता रिकामी करते. हे यायच्या आत करते. मशीन ओट्यावर नेते.”

“मशीन राहू द्या, वहिनी. पाळकांनी एका पॅकिंगच्या कारखान्यात काम बघितलंय, तिथंच राहायची सोय आहे.” मग माझ्याकडे वळून, अगदी हळू म्हणाले, “आई असती तर राहिलो असतो.”

त्यांनी पत्रं गोळा केली. एक खाली पडलं ते मी उचलून दिलं. दारात मी त्यांना अडवलं.

“भावोजी, मला माफ करा.”

त्यांनी पायात चप्पल घातली. खूप वेळ लावला घालायला.

“आज नाही म्हणवत, वहिनी,” म्हणाले. “म्हटलं तर खोटं होईल. दादाला सांगा, मी संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबतो. आणि त्याला हे सगळं तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही.”

“सांगते,” मी म्हटलं.

हे बाराच्या सुमारास आले. हातातला डबा खाली ठेवायच्या आत मी त्यांना म्हटलं, “बसा. मला उत्तर पहिल्याच दिवशी आलं होतं.”